एक मूठ, नि वर दोन चिमटी

आमचे घरमालक काका पुडी सोडली की आधी कागद वाचायचे आणि मग डाळ धुवायचे. कागद वर्तमानपत्राचा असो, कुणा पोराच्या गृहपाठाच्या वहीचा असो, की कचेरीतल्या रद्दीचा. ओट्यावर उकिडवे बसून, कागद मांडीवर ताणून, ओठ हलवत सगळा वाचून काढायचे. बातमी अर्धी फाटलेली असली की त्यांचा जीव खालीवर व्हायचा. एकदा भर उन्हात माझ्या दारात येऊन उभे राहिले. "गो पोरी, तुझ्याकडे कालची साखरेची पुडी आहे काय? त्या बैलाचं पुढे काय झालं ते त्यात असंल." कुठल्याशा गावात बैल विहिरीत पडला होता, आणि त्याला वर काढण्याचं काम काकांच्या पुडीत अर्धवट राहिलं होतं. माझ्या पुडीचा कागद केव्हाच चुलीत गेला होता. ते ऐकून त्यांनी असा चेहरा केला, की जणू बैल मीच ढकलला होता. पुढे चार दिवस आम्ही दोघं त्या बैलाबद्दलच बोलत होतो.

ही एकोणऐंशी-ऐंशीची गोष्ट. वसईजवळ होळी नावाचं गाव आहे. लग्न होऊन मी साताऱ्याकडून थेट तिथे येऊन पडले. पत्रावरचा पत्ता वाचून माझ्या आईला कितीतरी दिवस वाटत होतं, की पोरगी सणाला बोलावतेय. पुढे काकांचं कौलारू घर, मागे आमच्या भाड्याच्या दोन खोल्या, भोवती त्यांची केळी, पानवेली आणि विहीर. काकांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. आमचे हे पहाटे मुंबईला जायचे ते दिवेलागणी उलटल्यावर उगवायचे. गावातल्या बायका आपसांत जी बोली बोलायच्या, ती मराठीच आहे हे कळायला मला सहा महिने लागले. त्या बायका वाईट नव्हत्या. पण मी विहिरीवर गेले की त्या माझ्यासाठी म्हणून शुद्ध बोलायला लागायच्या, आणि शुद्ध बोलायचं म्हणजे काय बोलायचं हे न सुचून गप्प व्हायच्या. दिवसभरात मला नावाने हाक मारणारा माणूस एकच, पोस्टमन. तोही रोज यायचा नाही.

काका चौथीपर्यंत शिकलेले. पण छापलेल्या अक्षराला त्यांच्याइतका मान देणारा माणूस मी नंतर पाहिला नाही. खोकल्याच्या बाटलीवर 'लहान मुलांपासून दूर ठेवा' असं लिहिलेलं होतं, म्हणून ती बाटली त्यांनी वाशाला टांगली होती. घरात लहान मूल औषधालाही नव्हतं. खोकला आला की काका शिडी लावायचे. एस्टीत 'आपले सामान सांभाळा' अशी पाटी असायची, म्हणून वसईपर्यंत पिशवी छातीशी धरून उभे. पिशवीत काय, तर केळीच्या सोपटात बांधलेली विड्याची पानं. मी हसले की म्हणायचे, "लिवलंय म्हंजे कोणीतरी बोललंय. माणूस बोलला तर ऐकायला नको?" मग मी आणखी हसायची.

रोज संध्याकाळी काका धुतलेला सदरा घालून बायच्या दुकानात जायचे. बाय म्हणजे वळणावरच्या एका खणाच्या दुकानाची मालकीण. मूळची मिठागराच्या गावची, विधवा, काकांच्याच वयाची. फळ्या काढून दुकान उघडायची, फळ्या लावून बंद करायची. पत्र्याचे डबे, लोखंडी वजनं, आणि स्वतः बाय बसल्यावर उरेल तेवढी जागा. काका पायरीवर बसायचे. पानांची जुडी पुढे ठेवायचे आणि विचारायचे, "आज किती गो?"

बाय डब्यात हात घालायची. तराजूला शिवायचीसुद्धा नाही. "एक मूठ, नि वर दोन चिमटी." मग तेवढी डाळ कागदात बांधायची.

रोजची डाळ रोज. साखर तशीच, चहा तसाच. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला काकांची कीव आली. एवढी केळी-पानांची वाडी, आणि म्हातारा मूठभर डाळ आणतो! मी ह्यांना म्हटलं, "भलतेच चिक्कू दिसतात." हे म्हणाले, "भाडं वेळेवर घेतात आणि वेळेवर कौलं शाकारतात, तुला काय करायचंय?" पण मला करायचंच होतं. माझ्या आईने वर्षाचं धान्य भरून, कडुनिंबाचा पाला घालून कणग्या लिंपलेल्या मी पाहिल्या होत्या. पुडीवर संसार करणारा माणूस मला संसारीच वाटेना.

आणि तशात मंडळ आलं. मंडळ म्हणजे घाऊक खरेदीचं. कामणच्या बाजूला त्यांनी एक गोदाम घेतलं होतं. डाळ, साखर, तेल, साबण, चहा असा माल तिथे पोत्यांनी यायचा आणि महिन्यातून एकदा टेम्पोने गावोगाव जायचा. अकरा घरांचा गट करायचा, वर्षाची वर्गणी भरून सभासद व्हायचं आणि पोतं आपसांत वाटून घ्यायचं. सायकलवरून एक संघटक यायचा, पायाला क्लिपा लावलेल्या, बोलण्यात पुढाऱ्याला लाजवील असा. त्याने मला गटप्रमुख केलं. का केलं, तर त्या दुपारी घरात रिकामी बसलेली मी एकटीच होते.

दहा घरं जमली. निम्मी माझ्यासारखी भाडेकरू, निम्मी गावातली. अकरावं मिळेना. संघटकाने सहा महिन्यांची सवलत दिली, "तोवर अकरावं घर आणा, नाहीतर टेम्पो इथे थांबणार नाही." मला काय, अकरावं घर तर अंगणातच होतं.

दिवाळीनंतर पहिला टेम्पो आला. काकांच्याच अंगणात, फणसाच्या फांदीला तराजू टांगला. दहा बायका, दहा पिशव्या, पोरंबाळं, वर केळीच्या पानांची सळसळ. पोत्याची शिवण उसवताना हसायला सुरुवात झाली ती थांबेना. कुणीतरी मला तिकडच्या बोलीत काहीतरी म्हणालं आणि मला ते कळलं. काय म्हणालं ते आता आठवत नाही, पण कळलं होतं हे पक्कं आठवतं. दहा वाटे झाले. गटप्रमुख म्हणून मी ऐटीत पुढे होऊन आपला उचलला.

"ठेव गो तो खाली," ओटीवरून काका म्हणाले. "वाटे कोणी घातले?"

"मी."

"मंग तुझा सगळ्यांच्या मागून. घालणाऱ्याने शेवटी उचलायचा. म्हंजे घालताना हात सरळ ऱ्हातो."

गावातल्या बायकांनी माना डोलावल्या. त्यांना हे ठाऊकच होतं, परकी म्हणून मला बोलल्या नव्हत्या. मी वाटा खाली ठेवला आणि शेवटी राहिला तो घेतला. त्या दिवसापासून मी त्यांच्यातली झाले असं मला वाटतं. महिन्याचा तो एक रविवार माझ्यासाठी सणासारखा झाला. आदल्या दिवशीच मी अंगण सारवून ठेवायची. दोन टेम्पोंच्या मध्ये बायका आपापल्या कामाने दारात यायला लागल्या, कुणी विरजणाला, कुणी नुसती बसायला.

काका मात्र सभासद होईनात. दर महिन्याला मी अर्ज पुढे करायची, दर महिन्याला ते चष्मा लावून पहिल्या अक्षरापासून वाचायचे आणि एका ओळीवर बोट ठेवून थांबायचे. 'यादीतील जिन्नस मी वर्षभर अन्यत्र खरेदी करणार नाही.'

"हे काय लिवलंय?"

"ते असंच असतं हो काका. सगळ्यांनी सही केलीय."

"उद्या चार पाहुणे आले, साखर सरली, तर?"

"तर बायकडून आणायची."

"मंग 'करणार नाही' असं कसं लिवून देऊ?"

त्या ओळीवर बाकीच्या दहाजणींनी डोळे मिटून सही ठोकली होती, आणि लागेल तेव्हा त्या बायकडे जातही होत्या. निदान सुरुवातीला. मग घरात पोतंभर असल्यावर जायचं कमी झालं, आणि पुढे बंदच झालं. हे माझ्या लक्षातही आलं नाही. काकांच्या आलं. एका रविवारी वाटे मांडलेले असताना ते ओटीवरून उतरले, बोटाने मोजत गेले आणि म्हणाले, "दहा. नि बायचा कुठला?" आम्ही हसलो. मला वाटलं, म्हातारा गंमत करतोय.

सहावा महिना संपत आला. संघटकाने क्लिपा न काढताच सांगितलं, "रविवारी अर्ज दिलात तर ठीक, नाहीतर राम राम." मी गावभर हिंडले. अकरावं घर मिळालं नाही. संध्याकाळी अर्ज घेऊन काकांपुढे गेले. ते दुकानात जायला निघाले होते. नेहमीसारखे चष्म्याला हात घालायला लागले आणि माझा तोल सुटला.

"वाचू नका!" मी ओरडले. "सहा महिने वाचताय. फायदा आहे की नाही एवढं बघायला कुणी सहा महिने घेतं? तुम्हाला काय, तुमचं गाव आहे, रोज बसायला पायरी आहे. मला इथं कोण आहे? हा टेम्पो बंद झाला तर माझ्या दारात कोण येणार, सांगा!"

मोठ्या माणसाशी मी अशी कधी बोलले नव्हते. रडूही आलं. काकांनी अर्जाची घडी घातली, सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि पानांची जुडी घेऊन निघून गेले.

तासाभराने परत आले. माझ्याच उंबऱ्यात बसून त्यांनी सही केली, वडिलांच्या नावासकट पूर्ण, एकेक अक्षर कोरून. मी आनंदाने त्यांच्या पाया पडले. ते एवढंच म्हणाले, "आता वर्षाची बोली झाली."

मग सुरू झालं ते वर्ष. काकांच्या घरात पहिल्यांदाच महिन्याची डाळ आली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ते हातात पातेलं घेऊन माझ्या दारात उभे. "आमटी घे गो. जरा जास्त झाली." जरा म्हणजे, बारशाच्या पंगतीला पुरली असती. तिसऱ्या दिवशी पुन्हा पातेलं. चौथ्या दिवशी शेजारची कुत्रीसुद्धा आमटी बघून उठून गेली. त्यांना अंदाजच नव्हता. बायको होती तोवर तिने शिजवलं, नंतर बायने मोजलं. एका माणसाला किती लागतं हे त्यांनी कधी स्वतः ठरवलंच नव्हतं.

मीच बायकडे गेले. जायला लाजच वाटत होती, म्हणून आधी कापूर मागितला. मग विचारलं. बाय हसली.

"एक मूठ. तुजी मूठ माज्यापेक्षा ल्हान हाय, तू जरा भरून घे. नि वर दोन चिमटी."

"वरच्या चिमटी कशाला?"

"दारान कोन आला तर? एकट्या मान्साने एकट्यापुरता रांदू नये. मंग कोन येतच नाय."

त्यानंतर रोज सकाळी मी काकांना डाळ मोजून द्यायला लागले, त्यांच्याच डब्यातली.

पायरी मात्र त्यांनी सोडली नाही. रोज संध्याकाळी धुतलेला सदरा, पानांची जुडी, दुकान. पण बोली म्हणजे बोली. यादीतलं काही घ्यायचं नाही, आणि दुकानात जाऊन रिकाम्या हाताने उठणं त्यांना बरं दिसत नव्हतं. मग यादीत नसलेलं काय? काडेपेटी. रोज एक काडेपेटी आणायचे. कोनाड्यात, फळीवर, देवामागे, खोकल्याच्या बाटलीशेजारी वाशावर, सगळीकडे काडेपेट्या. मी विचारलं, "काका, लंका जाळायचीय का?" म्हणाले, "त्यावर वाचायलाही जास्त नसतं." आणि आषाढात वसईच्या ओल्या हवेने त्या एकजात सर्दावल्या. घरात पन्नासावर काडेपेट्या असलेला माणूस सकाळी उठून माझ्या दारात, "जरा विस्तव दे गो." हसता हसता माझ्या हातातून चिमटा पडला. तेही हसले, दात नसलेलं तोंड उघडून.

आमचा गट वाढून सोळा घरांचा झाला. माझं घर माणसांनी भरलं, मला मुलगा झाला तेव्हा बाळंतपण त्या बायकांनीच केलं. आणि होळीपौर्णिमा झाल्यावर बायने दुकान बंद केलं. काडेपेटीच्या एका गिऱ्हाइकावर दुकान चालत नाही. तिची मुलगी अर्नाळ्याला दिली होती, तिकडे ती राहायला गेली. जाताना डबे विकले, वजनं विकली. माझ्या बाळाच्या हातावर खडीसाखर ठेवून गेली, आणि मी ती घेतली.

काका त्या संध्याकाळी गेले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. दुसऱ्या कुठल्या दुकानातही गेले नाहीत. वर्ष व्हायला अजून दीड-दोन महिने होते.

वैशाखात एका सकाळी मी पाणी भरत होते. काका धुतलेला सदरा घालून, रिकामी पिशवी हातात घेऊन वळणाकडे जाताना दिसले. अर्ध्या तासाने तसेच परत आले, पिशवी रिकामीच. मी घागर खाली ठेवली. "कुठे गेला होतात?"

"वर्ष आज सरलं," ते म्हणाले. "बायला सांगायला गेलेलो."

"काका, बाय नाही ना आता तिथे."

"ठाव आहे. फळ्या लावलेल्या आहेत. सांगून आलो."

मग विहिरीच्या काठावर बसले आणि म्हणाले, "तुझा कागद मी तिलाच वाचून दाखवला होता, त्या सांजेला. ती ओळपण वाचली. म्हणाली, कर सही. पोरगी एकटी आहे. तिला माणसं मिळाली तर मिळू दे."

मला लाज वाटली. आजही वाटते. सहा महिने मी त्यांना हिशेबी समजत होते, फायदा-तोटा चाचपून बघणारा म्हातारा. तोटा कुणाचा होणार हे वाचणारे तेवढे दोघंच होते, आणि दोघांनी मिळून तो माझ्यासाठी पत्करला.

दुसऱ्या वर्षी काकांनी सही केली नाही. गटाला गरजही नव्हती. त्यांची डाळ मी माझ्या वाट्यातली देत राहिले. रोज सकाळी वाटी घेऊन दारात यायचे आणि विचारायचे, "आज किती गो?"

एकदा मी वैतागून म्हटलं, "काका, इतकी वर्षं बायला विचारलंत, आता मला विचारताय. एक मूठ नि वर दोन चिमटी. लक्षात राहत नाही का?"

"ऱ्हातं की," ते म्हणाले. "पण विचारलं नाय, तर सांगणार कोण?"

त्यानंतर मी कधी वैतागले नाही. चार पावसाळे ते वाटी घेऊन आले. पाचव्या पावसाळ्यात एका सकाळी आले नाहीत. त्यांचं दार उघडायला मीच गेले. त्यांच्या भावकीने पुढे वाडी विकली, केळी गेली, विहीर बुजवली, तिथे इमारत उभी राहिली. आम्ही विरारला फ्लॅट घेतला. काकांच्या काडेपेट्यांपैकी एक माझ्या देवघरात आहे. ती पेटत नाही.

आमचे हे जाऊन आता तीन वर्षं झाली. मुलगा-सून कामाच्या गावी ठाण्याला असतात. परवा मुलाचा फोन आला. घाऊक मालाचं एक भलंमोठं दुकान निघालंय म्हणे, गोदामच ते, वर्षाचं सभासदत्व घ्यायचं, मग सगळं स्वस्त. "आई, घेऊ का? परवडेल का आपल्याला?"

"कागद वाचलास का?"

"कसला कागद? मोबाईलवर असतं, नुसतं हो म्हणायचं." तो हसला. "तुझी डाळपण त्यातच आणतो. तुला किती आणू?"

बऱ्याच वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. म्हटलं, "एक मूठ, नि वर दोन चिमटी."

"आई! पाच किलोच्या खाली मिळत नाही तिथे."

"मग पाच किलो आण. पण रोज सकाळी फोन करून मला विचारायचं, आज किती. कबूल असेल तर घे सभासदत्व."

"रोज?" तो म्हणाला. "अगं पण उत्तर तर रोज तेच असणार."

"तेच असणार," मी म्हटलं. "तरी विचार."